वंशसंहाराला नाव देणारे लेमकिन

मैत्रिणींनो, ‘जेनोसाइड’ म्हणजे वंशसंहार हा शब्द पेपरात नेहमी दिसतो. तो घडवला १९४४ साली राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलांनी. स्वतः अमेरिकेत पोचले, पण आईवडलांसह ४९ नातलग नाझींनी मारले. अशा गुन्ह्याला कायद्यात नावच नव्हतं! संयुक्त राष्ट्रांत खेटे घालघालून त्यांनी ९ डिसेंबर १९४८ ला करार करवला. राष्ट्र, वंश, जमात किंवा धर्मावरून ओळखला जाणारा गट पूर्ण वा अंशतः संपवण्याचा हेतू सिद्ध व्हायला हवा. नुसता मृतांचा आकडा पुरत नाही. मी थबकले ती एका कलमापाशी. गटातली मुलं बळजबरीने दुसऱ्या गटात नेणं, हाही वंशसंहारच! आईचं काळीज त्यात बरोबर ओळखलंय. लेमकिन १९५९ मध्ये न्यूयॉर्कला गेले, अगदी कफल्लक. अंत्यविधीला मोजकीच माणसं होती.