नदीखाली अठरा वर्षं

मुंबईत रस्ता न फोडता सांडपाण्याची लाइन टाकतात, हे तुम्ही पाहिलं असेल. म्हणजे खरं तर पाहिलं नसेल, कारण दिसत काहीच नाही. दोन टोकांना दोन खड्डे घ्यायचे, एका खड्ड्यातून मशीन आत सोडायचं आणि त्याच्यामागे जॅकने एकेक पाइप ढकलत न्यायचा. वर ट्रॅफिक चालू, वडापावची गाडी चालू. पण सात बेटं भराव टाकून जोडलेल्या या शहरात खाली नक्की लागणार काय? भराव, खाडीचा चिखल, की काळा पत्थर? हे आधी कळायला हवं. म्हणून ठिकठिकाणी बोअर घेतात आणि मातीचे नमुने काढतात.

या प्रश्नापायी आयुष्याची अठरा वर्षं घालवलेला एक माणूस होता, मार्क ब्रुनेल. इंजिनीअरिंगवाल्यांना त्याचा मुलगा इझंबार्ड जास्त माहीत असेल, पण आज आपण बापाकडे बघू.

मार्कचा जन्म १७६९ चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीतला. घरच्यांना त्याला पाद्री करायचं होतं. (करिअरवरून घरात वाद होणं तेव्हाही होतंच!) तो नौदलात गेला. फ्रेंच राज्यक्रांतीत राजाची बाजू घेतल्यामुळे त्याला पळावं लागलं. त्याने अमेरिका गाठली आणि न्यूयॉर्क शहराचा मुख्य इंजिनीअर झाला. १७९९ मध्ये तो इंग्लंडला आला आणि त्याच वर्षी त्याने सोफिया किंग्डमशी लग्न केलं. पोर्ट्समथच्या गोदीत जहाजांच्या दोरखंडासाठी लागणाऱ्या कप्प्या बनवायची यंत्रं त्याने उभी केली. एकशे दहा कारागिरांचं काम त्यावर दहा जण करू लागले. डोकं अफाट, पण हिशेबात कच्चा. सैन्यासाठी बूट बनवायचा कारखाना काढला, तर १८१५ ला युद्धच संपलं आणि बूट पडून राहिले. १८२१ मध्ये कर्जापायी तो तुरुंगात गेला. रशियाच्या झारकडे जायचं त्याच्या मनात आहे असं कळल्यावर ब्रिटिश सरकारने पाच हजार पौंड भरून त्याला सोडवलं.

त्याआधी, १८१८ मध्ये, त्याने एका यंत्राचं पेटंट घेतलं होतं. जहाजाचं लाकूड पोखरणारा एक जीव असतो, अळीसारखा दिसणारा, पण कुळ शिंपल्याचं. तो तोंडाकडच्या कठीण कवचाने लाकूड कोरतो आणि मागे राहणाऱ्या भोकाला आतून चुन्यासारखं अस्तर लावत जातो. ब्रुनेलने ते बघून ठेवलं होतं. पुढे कोरायचं, मागे लगेच बांधायचं. यातूनच त्याचं ‘शील्ड’ आलं, म्हणजे लोखंडी ढाल.

थेम्सखालून बोगदा काढायचा एक प्रयत्न १८०८ मध्ये पाणी शिरून फसला होता. तरी १८२४ मध्ये कंपनी उभी राहिली. नदीत बोअर घेतले गेले. निष्कर्ष असा की वर चिकणमातीचा सलग थर आहे आणि त्याच्याखाली पाण्याने भरलेली वाहती वाळू. म्हणून ब्रुनेलने खोल न जाता नदीच्या तळाला जवळ राहून जायचं ठरवलं. कागदावर हे अगदी बरोबर होतं. पण बोअर म्हणजे टाचणीने टोचून बघणं. दोन टाचण्यांच्या मधे काय आहे, ते तुम्ही अंदाजानेच भरता.

१८२५ मध्ये रॉदरहाइथला जमिनीवर विटांचं पन्नास फूट व्यासाचं कडं बांधलं आणि आतली माती काढत ते स्वतःच्याच वजनाने खाली उतरवलं. मग ढाल लावली. शेजारी शेजारी बारा चौकटी, प्रत्येकीत तीन मजले, एका कप्प्यात एक माणूस, असे छत्तीस जण. समोरची एक फळी काढायची, साडेचार इंच माती खणायची, फळी पुढे सरकवून घट्ट करायची, मग दुसरी फळी. मागे गवंडी विटा लावत येणार आणि त्याच विटांना रेटा देऊन ढाल पुढे सरकणार. आजचा जॅकिंगवाला खड्डा आठवा, तत्त्व फार वेगळं नाही.

सलग चिकणमाती काही मिळाली नाही. मधेच वाळू, मधेच खडी आणि त्यातून झिरपणारी थेम्स. आणि थेम्स म्हणजे तेव्हा लंडनचं उघडं गटारच. त्या पाण्याने माणसं आजारी पडायची, आत साचलेला वायू दिव्यावर पेट घ्यायचा. भरती आली की वरचा दाब वाढायचा. एवढं असताना संचालकांनी एक शिलिंग तिकीट लावून प्रेक्षक आत सोडायला सुरुवात केली! पैसे हवे होते हे मान्य, पण मला तरी यात हावच दिसते.

मे १८२७ मध्ये नदी आत घुसली. विशीतला इझंबार्ड डायव्हिंग बेलमधून तळाशी उतरला, भोक शोधलं आणि मातीच्या पोत्यांनी ते बुजवलं. १२ जानेवारी १८२८ ला पुन्हा पाणी घुसलं. सहा कामगार बुडाले आणि इझंबार्ड थोडक्यात वाचला. पैसा संपला होता. बोगद्याचं तोंड विटांनी बंद केलं आणि सात वर्षं काम ठप्प झालं.

तेव्हा ब्रुनेल साठीला आलेला. सरकारी कर्ज मिळून १८३५ मध्ये काम परत सुरू झालं. नवी, जास्त मजबूत ढाल आली. पाणी त्यानंतरही अनेकदा शिरलं. २५ मार्च १८४३ ला बोगदा खुला झाला, लांबी जेमतेम चारशे मीटर. तोवर ब्रुनेलला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. घोडागाड्यांसाठी उतार बांधायला पैसेच उरले नाहीत, त्यामुळे लोक एक पेनी देऊन पायी फिरायला यायचे. १८४९ मध्ये तो गेला. वीस वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याच बोगद्यातून रेल्वे धावली.

आपल्या कोस्टल रोडचा बोगदा ज्या १२.१९ मीटर व्यासाच्या ‘मावळा’ मशीनने खणला, त्याच्याही पुढच्या भागाला शील्डच म्हणतात. आणि लंडनला कधी गेलात तर वॅपिंग ते रॉदरहाइथ एक स्टेशन ओव्हरग्राउंडने जा. मिनिटभरात तुम्ही पलीकडे असाल.