सबक मुलाचा झाला पाहिजे : डॉ. झाकिर हुसेन यांचे शिक्षकी जीवन



पिशोर येथील आमच्या मशिदीत मगरिबच्या नमाजानंतर मकतब भरतो. मागच्या हिवाळ्यात कापूसवेचणीच्या दिवसांत मुलांची हजेरी रोडावली, तेव्हा मी एक सोपा उपाय योजला. जो सबक पाठ करून सुनावील त्याला एक चॉकलेट. पंधरा दिवस मकतबात बसायला जागा पुरेना. मग एका संध्याकाळी डबा रिकामा निघाला. आठ-नऊ वर्षांच्या एका मुलाने आपला कायदा मिटला आणि अगदी निरागसपणे सांगितले की आज डबा रिकामा असेल तर तो आपला सबक उद्या देईल. त्याला सबक येत होता. मला त्याचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. हा सौदा त्याला दुसऱ्या कोणी नव्हे, मीच शिकवला होता.

कर्माचे मोल निय्यतीवर ठरते, हे आपण मुलांना पहिल्याच वर्षी शिकवतो. आणि लगेच त्यांची निय्यत आपण कधी चॉकलेटात, कधी गुणपत्रिकेत, कधी छडीच्या धाकात बांधून टाकतो. मग बक्षीस संपले की अभ्यास संपतो, धाक सरला की शाळा सुटते. सातवी-आठवीनंतर शाळेकडे पाठ फिरवणारी मुले आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांतली सगळीच गरिबीमुळे थांबलेली नाहीत. अनेकांना शिक्षण हे आपले काम आहे असे कधी वाटलेच नाही.

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका शिक्षकाची ओळख या महिन्यात आपणास करून द्यावी असे वाटते. मरहूम डॉ. झाकिर हुसेन यांना आपण भारताचे तिसरे राष्ट्रपती म्हणून ओळखतो. परंतु राष्ट्रपतिपद त्यांच्याकडे दोन वर्षेही राहिले नाही, शिक्षकी मात्र त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ केली. त्यांच्या जीवनाचे धागे आपल्या मातीशीही जोडलेले आहेत. ते जन्मले हैदराबादेत, ज्या राज्यात त्या वेळी आपला औरंगाबाद जिल्हाही होता; आणि त्यांच्या शिक्षणविचाराची सर्वांत मोठी कसोटी लागली ती विदर्भातील वर्धा येथे.

८ फेब्रुवारी १८९७ रोजी झाकिर हुसेन यांचा जन्म झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे, आफ्रिदी पठाणांचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत नामांकित वकील होते. सात भावांत झाकिर तिसरे. ते दहा वर्षांचे असतानाच वडिलांचे छत्र हरपले आणि कुटुंब कायमगंजला परतले. १९११ साली प्लेगच्या साथीत आईही गेली. अशा मुलाला घडवले ते इटावा येथील इस्लामिया हायस्कूलने. त्याच वर्षी इटलीने ट्रिपोलीवर स्वारी केली, तेव्हा हा शाळकरी मुलगा वर्तमानपत्र मिळवण्यासाठी धडपडत असे, युद्धाच्या बातम्या सोबत्यांना वाचून दाखवत असे आणि पीडितांसाठी मदत गोळा करत असे. वाचकहो, या कामाला कोणी गुण देणार नव्हते. तरीही वाचन, भाषा, भूगोल आणि वक्तृत्व या चारही गोष्टी त्यातून तो शिकत गेला.

पुढे अलीगढच्या कॉलेजात त्यांची हुशारी नावाजली गेली. १९२० साली ते तेथे एम.ए.चे विद्यार्थी होते आणि थोडेफार अध्यापनही करत होते. सरकारी नोकरीचे दार त्यांच्यासाठी उघडे होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गांधीजी आणि अली बंधू अलीगढला आले व सरकारी मदतीवर चालणाऱ्या संस्था सोडण्याचे आवाहन त्यांनी केले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी कॉलेजच्या मशिदीत शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली. जमलेली नोकरी आणि पदवी मागे टाकून तिच्याकडे गेलेल्या तरुणांत झाकिर हुसेन पुढे होते. तंबूत भरणाऱ्या त्या संस्थेजवळ देण्यासारखे काहीच नव्हते. जे गेले ते आतल्या ओढीनेच गेले.

१९२२ मध्ये ते जर्मनीला गेले आणि बर्लिन विद्यापीठातून अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवून १९२६ साली परतले. तेथील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, गालिबचा दीवान सुंदर छापलेला असावा या हौसेपोटी त्यांनी बर्लिनमधील कावियानी छापखान्यात स्वतः खिळे जुळवण्याचे काम केले. डॉक्टरेटच्या अभ्यासाशी या कामाचा काही संबंध नव्हता. दुसरी गोष्ट म्हणजे म्युनिकचे शिक्षणतज्ज्ञ केर्शेनश्टाइनर यांच्या विचारांची ओळख. शाळेत हाताने काम केले म्हणजे शिक्षण झाले, असे झाकिर हुसेन यांनी कधी मानले नाही. आपल्याला काय करायचे आहे हे मुलाने आधी मनाशी ठरवावे, त्याची आखणी करावी, ते तडीस न्यावे आणि झालेल्या कामाकडे स्वतःच पारखी नजरेने पाहावे. या चार पायऱ्या मूल चढले तरच ते काम तालीम होते, अन्यथा ती नुसती मजुरी, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. खिळे जुळवताना हे त्यांनी स्वतः अनुभवले असणार.

ते परतले तेव्हा जामिया मोडकळीस आली होती. संस्था अलीगढहून दिल्लीच्या करोल बागेत हलली होती. पैसा नव्हता, काही जणांना ती बंद करावीशी वाटत होती. झाकिर हुसेन यांनी आपल्या दोन सोबत्यांसह, आबिद हुसेन व मुहम्मद मुजीब यांच्यासह, तिला आयुष्य वाहिले. १९२७ च्या अखेरीस हकीम अजमल खान यांचे निधन झाले आणि मोठा आधार तुटला. तेव्हा अध्यापकांनी एकत्र येऊन प्रतिज्ञा घेतली की, वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नसे आणि कित्येकदा महिनोन्‌महिने काहीच मिळत नसे. वाचकहो, शिकवणाऱ्याचीच निय्यत पगारात अडकलेली असेल तर मुलांना निखळ ज्ञानाची गोडी तो कोठून लावणार? जामियाचे उत्तर आधी शिक्षकांच्या जगण्यात होते, नंतर वर्गात.

वर्गात काय होते तेही पाहू. जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारख्या शिक्षकांनी मुलांच्या हाती खरीखुरी कामे सोपवली. मुलांची स्वतःची बँक होती, स्वतःचे दुकान होते. दुकान चालवायचे तर माल मोजावा लागतो, भाव ठरवावा लागतो, वही लिहावी लागते, ग्राहकाशी नीट बोलावे लागते. हिशेब चुकला तर मास्तरांनी लाल शाई वापरण्याची गरजच नाही, गल्ला स्वतःच चूक सांगतो. गणित येथे परीक्षेसाठी राहत नाही, ते मुलाच्या गरजेचे होते. कुलगुरूपदावर असलेले झाकिर हुसेन या लहान मुलांच्या शाळेत जातीने लक्ष घालत. १ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या नव्या इमारतीची पायाभरणी झाली. हा दगड बसवण्यासाठी कोणा नवाबाला वा नेत्याला बोलावले नव्हते. जामियातील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हातून तो बसवला गेला. शाळा मुलांची आहे हे त्या दिवशी भाषणाविना सर्वांना कळले असेल.

त्यांच्याविषयी एक आठवण नेहमी सांगितली जाते. मुले मळके जोडे घालून येत, सांगूनही ऐकत नसत. शिक्षेचा हुकूम काढण्याऐवजी झाकिर हुसेन एके दिवशी ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्या मुलांचे जोडे स्वतः चमकवू लागले. मुले शरमली आणि सुधारली. धाकाने स्वच्छ झालेला जोडा धाक असेपर्यंतच स्वच्छ राहतो, हे त्यांना ठाऊक होते.

आता वर्ध्याकडे वळू. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे सक्तीचे व मोफत शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यास, या मागण्यांवर झाकिर हुसेन यांचे मतैक्य होते. परंतु मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेने आपला खर्च, निदान शिक्षकाचा पगार भागवावा, असेही गांधीजींचे म्हणणे होते. ज्या गांधीजींच्या हाकेवर त्यांनी अलीगढ सोडले होते, त्यांच्यासमोर उभे राहून झाकिर हुसेन यांनी या मुद्द्यावर आपली शंका अदबीने पण स्पष्टपणे मांडली.

तरीही अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. विनोबा भावे, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन ही मंडळी त्या समितीत होती. डिसेंबर १९३७ मध्ये अहवाल सादर झाला. साडेपाच तासांच्या शाळेत तीन तास वीस मिनिटे मूलोद्योगाला दिलेली होती. मात्र त्याच अहवालात एक ठळक इशाराही आहे. उत्पन्नाच्या बाजूवर भर पडला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि त्या कामातील बौद्धिक व सामाजिक शिक्षण बाजूला पडेल, असा त्याचा आशय होता. प्रचलित परीक्षापद्धतीवरही समितीने कठोर टीका केली.

हा इशारा नीट समजून घ्यावा. मुलाचा हात टकळीवर आहे, पण शिक्षकाची नजर सुताच्या वजनावर आहे. अशा वर्गात मूल मजूर होते. आज टकळी गेली, पण वजनकाटा गेला नाही. त्याच्या जागी टक्केवारी आली, हिफ्जच्या पाऱ्यांची मोजणी आली, नात्यातल्या मुलाशी तुलना आली. भीती खरी ठरली. पुढे अनेक ठिकाणी बेसिक शाळा म्हणजे यांत्रिक सूतकताई एवढेच उरले, आणि ज्यांनी ती योजना लिहिली त्या झाकिर हुसेन यांनीच तिच्या या रूपाबद्दल पुढे उघड असमाधान व्यक्त केले. आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेचे अपयश कबूल करणे सोपे नसते.

झाकिर हुसेन मुलांसाठी गोष्टीही लिहीत. अब्बू खां की बकरी ही त्यांची गोष्ट उर्दू शाळांतून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. दोरीला बांधून, चारा घालून, लाडाने ठेवलेली चांदनी नावाची शेळी डोंगराच्या ओढीने निघून जाते आणि लांडग्याशी रात्रभर झुंजून प्राण सोडते. चारा मिळत असूनही दोरी सलते, हे त्यांनी मुलांच्या भाषेत सांगितले. ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या नावावर छापली नाही, तर रुकय्या रेहाना या आपल्या मुलीच्या नावावर छापली. ही रेहाना अगदी लहानपणी वारली. असे सांगतात की तिच्या मृत्यूची खबर आली तेव्हा ते शाळेत मुलांना मिठाई वाटत होते. निरोप्याने कानात सांगितले, चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. नंतर विचारले असता, मुले इतकी आनंदात होती की त्यांचा आनंद मोडवेना, असे त्यांनी सांगितल्याचे आठवणीत आहे.

ही आठवण वाचताना मला माझा चॉकलेटचा डबा आठवला. मिठाई त्यांनीही वाटली. मुलांना गोड देणे चुकीचे नाही. ती तर आनंदाची रीत आहे. चूक होते ती गोड हे सबकाचे मोल ठरते तेव्हा. त्यांची मिठाई आनंद वाटून घेण्यासाठी होती, माझी खरेदीसाठी होती.

१९४८ मध्ये ते अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. नंतर बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न आणि १९६७ मध्ये राष्ट्रपती. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. दफन झाले ते जामियाच्या आवारात, आपल्या विद्यार्थ्यांच्या सान्निध्यात.

वाचकहो, आपल्याजवळ जामिया नाही, पण घर आहे, मकतब आहे, गावची शाळा आहे. मूल घरी आले की किती गुण मिळाले हे विचारण्याआधी आज काय नवे कळले हे विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. बाजारहाटाचा, शेतातील मजुरीचा हिशेब सहावीतल्या मुलीच्या हाती द्या. चुकला तर तिलाच शोधू द्या. भावंडांची तुलना थांबवा. धाकट्याला सबक देण्याचे काम थोरल्याकडे सोपवा.

आमच्या मकतबात आता मोठी मुले लहानांना घेऊन बसतात, हजेरीची वही तीच लिहितात आणि आपली चूक आधी स्वतः शोधून मग माझ्याकडे येतात. गोंगाट वाढला आहे. चॉकलेटसाठी येणारी दोन-तीन मुले अजून परतलेली नाहीत, त्यांच्या घरी मी जात असतो. पण त्या संध्याकाळी कायदा मिटणारा मुलगा आता आपल्या धाकट्या भावाला अक्षरे ओळखायला शिकवतो. परवा इशाची वेळ झाली तरी तो उठेना, भावाचे एक अक्षर अडले होते.

अल्लाह आपल्या मुलांच्या मनात इल्मची खरी ओढ निर्माण करो आणि आपल्या हातून तिचा सौदा न होवो. आमीन.