व्हिक्टर ससून

सर एलिस व्हिक्टर ससून (जन्म : १८८१, नेपल्स, इटली, मृत्यू : ऑगस्ट १९६१, नासाऊ, बहामा) हे मुंबईतील गिरणीमालक, शांघायमधील बांधकाम-व्यावसायिक आणि विसाव्या शतकातील एक प्रमुख अश्वमालक होते. पहिल्या महायुद्धात ते वैमानिक दलात होते. पुण्याचे ससून रुग्णालय, मुंबईचा ससून डॉक आणि डेव्हिड ससून ग्रंथालय ही व्हिक्टर यांची कामे नव्हेत. ती त्यांच्या आधीच्या पिढ्यांची आहेत.

घराणे

बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून हे व्हिक्टर यांचे पणजोबा. आजोबा एलियास यांनी १८६७ मध्ये ई. डी. ससून आणि कंपनी ही स्वतंत्र पेढी काढली. काका जेकब ससून हे मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या प्रमुख देणगीदारांपैकी एक होते. विद्यापीठीय शिक्षणाला घराण्याने दिलेले ते मोठे साहाय्य होय. व्हिक्टर यांचे शिक्षण हॅरो आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये झाले.

युद्ध आणि गिरण्या

महायुद्धात विमान अपघातात त्यांच्या पायांना गंभीर इजा झाली. त्यानंतर ते आयुष्यभर काठ्यांच्या आधाराने चालले. १९२४ मध्ये वडिलांच्या निधनानंतर ‘सर’ हा वंशपरंपरागत किताब व पेढीची सूत्रे त्यांच्याकडे आली. केंद्रीय विधिमंडळातही ते सदस्य होते.

त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत वादग्रस्त भाग याच काळातील आहे. मंदीत खर्च कमी करण्यासाठी ससून समूहाच्या गिरण्यांत नवी कार्यपद्धती आणली गेली. सूतकताईत एका कामगाराने दुप्पट चात्या सांभाळाव्यात आणि विणकराने दोनऐवजी तीन माग चालवावेत, अशी ती होती. मालकाच्या हिशेबात ही काटकसर होती. कामगारांच्या दृष्टीने ती शेजाऱ्याच्या पोटावर पाय होता. १९२८ च्या सुमारे सहा महिने चाललेल्या गिरणी संपामागे हे एक मोठे कारण होते. पुढच्याच वर्षी नेमलेल्या शाही कामगार आयोगावर ससून आणि कामगार नेते ना. म. जोशी हे दोघेही सदस्य होते, हा योगायोग लक्षणीय आहे.

शांघाय

१९२९ मध्ये त्यांचे कॅथे हॉटेल शांघायच्या नदीकाठावर उभे राहिले. वाढते कर आणि राजकीय अनिश्चितता यांमुळे १९३१ मध्ये त्यांनी भारतातून भांडवल काढून तेथे नेण्याचे ठरवले. हा निर्णय पुढे फसला. जपानी आक्रमण, युद्ध आणि १९४९ ची साम्यवादी सत्ता यांनंतर ती मालमत्ता त्यांच्या हातून गेली. मात्र नाझी छळातून शांघायला आलेल्या ज्यू निर्वासितांना त्यांनी आपल्या इमारतीत आसरा दिला, हे त्यांच्या बाजूला नोंदवावे लागते. मुंबईतील गिरण्या १९४३ मध्ये विकल्या गेल्या व इंडिया युनायटेड मिल्स या नावाने चालू राहिल्या. दादरची इंदू मिल ही त्यांपैकीच एक.

घोड्यांच्या शर्यती

महालक्ष्मी आणि पुण्याच्या शर्यतींत त्यांचे घोडे ‘मिस्टर ईव्ह’ या नावाने धावत. एलिस, व्हिक्टर, एलियास या तीन नावांची ही इंग्रजी आद्याक्षरे. इंग्लंडमधील त्यांच्या अश्वपैदास केंद्रालाही ‘ईव्ह’ हेच नाव होते.

इंग्लंडच्या डर्बीत त्यांचे घोडे चार वेळा जिंकले : पिन्झा (१९५३), क्रेपेलो (१९५७), हार्ड रिडन (१९५८) आणि सेंट पॅडी (१९६०). पिन्झाचा विजय विशेष गाजला. राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाला चारच दिवस झाले होते, आणि पिन्झाने मागे टाकलेला ऑरिओल हा खुद्द राणीचा घोडा होता. स्वार गॉर्डन रिचर्ड्स यांचाही हा पहिला आणि एकमेव डर्बी विजय. हार्ड रिडन अवघ्या २७० गिनींत घेतलेला होता.

१९५९ मध्ये त्यांनी आपल्या अमेरिकन परिचारिका एव्हलिन बार्न्स यांच्याशी विवाह केला. त्यांना अपत्य नव्हते. त्यामुळे त्यांच्या निधनाबरोबर हा किताबही संपला. पत्नीने त्यांच्या स्मरणार्थ बहामात हृदयरुग्णांसाठी संस्था स्थापन केली.