फिल्म की डिजिटल? भांडण आमच्या घरातलं, उत्तर फाळक्यांच्या आयुष्यातलं

आमच्या घरात सध्या उलटी गंगा वाहतेय. माझे आबा ७६ वर्षांचे. वेल्ह्याजवळ गावी राहतात आणि दिवसभर मोबाईलवर फोटो काढतात. तोरण्यावर ढग उतरले, काढ फोटो. भातलावणी सुरू झाली, काढ फोटो. म्हैस व्याली तर दोन मिनिटांत वासराचा फोटो फॅमिली ग्रुपवर. आणि माझी चुलत बहीण, वय १९, भोरला कॉलेजात शिकते, चांगला फोन खिशात आहे, तिला मात्र आबांचा जुना अग्फा क्लिक थ्री हवा होता. फिल्मवालाच. डिजिटल फोटोत जीव नसतो म्हणे.

आबांनी कॅमेरा दिला, पण हसले. त्यांचं म्हणणं असं की आमच्या वेळी दुसरं काही नव्हतं म्हणून रोल वापरला, तुम्हाला कसली हौस? बहीण चिडली. मी मोबाईलवर लिहिणारा, म्हणून दोघांनी मलाच पंच केलं.

पहिल्या रोलचं काय झालं ते आधी सांगतो. हा कॅमेरा १२० नंबरच्या रोलवर चालतो, एका रोलमध्ये फक्त १२ फोटो. मागच्या बाजूला लाल काचेची छोटी खिडकी असते, त्यात कितवा फोटो चाललाय तो आकडा दिसतो. बाईसाहेबांनी सातवा फोटो काढल्यावर आकडा नीट दिसेना म्हणून भर उन्हात मागचं झाकणच उघडलं. रोल गेला. रोल, धुलाई आणि स्कॅन धरून फिल्मचा खर्च हल्ली सहज हजाराच्या पुढे जातो, त्यामुळे घरात दोन दिवस शांतता होती.

मग मी विचार करत बसलो. कोणत्या वयात कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न आपल्याकडे आयुष्यात पुन्हा पुन्हा कोणाला पडला असेल? नाव लगेच आठवलं. दादासाहेब फाळके. त्यांच्या नावाचा पुरस्कार सगळ्यांना माहीत असतो, पण या माणसानं किती वेळा नवं यंत्र हातात घेतलं ते फारसं कोणी सांगत नाही.

वय २०: चित्रकाराच्या हातात कॅमेरा

धुंडिराज गोविंद फाळके. जन्म ३० एप्रिल १८७०, त्र्यंबकेश्वर. वडील संस्कृतचे शास्त्री, पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवायला लागले. मुलगा १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि तिथून बडोद्याच्या कलाभवनात. तिथे चित्रकला शिकला आणि १८९० मध्ये, विसाव्या वर्षी, त्यानं स्वतःचा कॅमेरा घेतला.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. तेव्हा बहुतेक फोटो काचेच्या प्लेटवर निघत. फोटो काढणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं अंधाऱ्या खोलीत रसायनांशी. फाळके दोन्ही शिकले. शिवाय छपाईचे तीन रंगांचे ब्लॉक बनवायला शिकले. हे ब्लॉक म्हणजे काय? एकाच चित्राचे लाल, हिरवा आणि निळा अशा तीन काचांमधून तीन वेगळे फोटो घ्यायचे, प्रत्येकाचा वेगळा ठसा करायचा आणि ते एकावर एक छापायचे. तुमच्या फोनचा कॅमेरा आजही जवळजवळ हेच करतो. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असते आणि रंग नंतर जुळवला जातो. फरक एवढाच की फोन ते डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो आणि फाळक्यांना त्यासाठी कोर्स करावा लागला.

१८९५ मध्ये त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला. आणि मग प्लेग आला. पत्नी गेली, मूल गेलं. स्टुडिओ बंद करून ते बडोद्याला परतले, तर तिथे लोकांत समजूत पसरलेली, की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषतो आणि फोटो काढला की माणूस लवकर मरतो. आज फोनच्या रेडिएशनबद्दल काय काय फॉरवर्ड येतात ते बघता मला याचं फारसं आश्चर्य वाटत नाही. पण ज्याच्या घरातली माणसं नुकतीच गेलीत, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल?

धंदा बसला. पुढची दहा वर्षं मी भरभर सांगतो. नाटकांचे पडदे रंगवले, जादू शिकले, दुसरं लग्न झालं, पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली, ती सोडून लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या प्रेसचं काम केलं, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला जर्मनीला गेले. नंतर भागीदाराशी बिनसलं आणि तेही सुटलं.

वय ४१: घरदार पणाला

१९११. वय चाळीस उलटलेलं, हातात काम नाही, घरी बायको आणि पोरं. अशा वेळी गिरगावातल्या एका तंबू-थिएटरात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा मूकपट पाहिला. असंच आपले राम-कृष्ण पडद्यावर का नकोत, हा विचार डोक्यात शिरला तो निघालाच नाही. ते सतत चित्रपट बघू लागले, रात्री जागून वाचू लागले, इतके की डोळ्यांवर ताण येऊन काही काळ दिसेनासं झालं. (स्क्रीन टाइम हा प्रकार आपण शोधलेला नाही!)

डोळे बरे झाल्यावर त्यांनी विमा पॉलिसी गहाण ठेवली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे सेसिल हेपवर्थ या निर्मात्याचा स्टुडिओ बघितला, विल्यमसन कंपनीचा हातानं फिरवायचा कॅमेरा घेतला आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र घेतलं.

या भोकांवर जरा थांबू या, मला ही गोष्ट फार आवडते. फिल्मच्या दोन्ही कडांना जी चौकोनी भोकं दिसतात, त्यात दातेरी चाक अडकतं आणि फिल्म पुढे सरकते. फाळक्यांकडे आलेली कोरी फिल्म बिनभोकांची होती. ती अंधारातच हाताळावी लागते, नाहीतर माझ्या बहिणीच्या रोलसारखी गत. हे काम करायच्या त्यांच्या पत्नी, सरस्वतीबाई. आता हिशोब करा. ३५ मिलिमीटरच्या फिल्ममध्ये एका फुटाला एका कडेला ६४ भोकं. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फुटांचा. दोन्ही कडा मिळून भोकं होतात ४ लाख ७३ हजार ६००. हे फक्त अंतिम चित्रपटाचं गणित, वाया गेलेली फिल्म वेगळीच. त्यावर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिनेही त्यांनी विकायला दिले. माझ्या मते त्या पुरस्काराच्या नावात दोन नावं असायला हवी होती.

पैसे मिळवायला फाळक्यांनी आधी डेमो बनवला. कुंडीत वाटाण्याचं रोप लावलं आणि महिनाभराहून जास्त काळ त्याच जागेवरून थोड्या थोड्या फ्रेम घेत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटून रोप वर आलं. तुमच्या फोनमध्ये टाइमलॅप्सचं बटण आहे ना? तेच, १९१२ मध्ये, हातानं. ते बघून सावकारानं पैसे दिले.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीच्या कामाला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. कॅमेरा हाताळायला फाळक्यांनी त्र्यंबकच्याच तेलंगांना शिकवून तयार केलं. आणखी एक गंमत: हा चित्रपट किती वेळाचा? हँडल सेकंदाला १६ फ्रेम या वेगानं फिरवलं तर ३७०० फूट साधारण ६२ मिनिटं चालतात. पुढच्या काळातल्या २४ फ्रेमच्या यंत्रावर तेच ४१ मिनिटांत संपतात आणि माणसं धावत सुटल्यासारखी दिसतात. जुने मूकपट बघताना हसू येतं त्याचं मोठं कारण हे. दोष नटांचा नाही, फ्रेम रेटचा.

इथपर्यंत आल्यावर मला आमच्या भांडणाबद्दल एक गोष्ट दिसली. चाळिशीत फाळके नव्या यंत्रामागे गेले ते ते नवं होतं म्हणून नाही. फिल्मला भोक पाडण्यापासून धुण्यापर्यंत, पटकथेपासून जोडणीपर्यंत सगळं काम दादरच्या त्यांच्या घरात होऊ शकत होतं. चित्रकला, रसायनं, छपाई, जादू, पडदे रंगवणं, जे जे शिकून फसलं होतं ते सगळं त्या एका यंत्रात कामाला आलं.

वय ६०: आवाज आला

मधली वर्षं चांगली गेली. मुक्काम नाशिकला हलला. 'लंका दहन' (१९१७) मध्ये साळुंकेंनी राम आणि सीता दोघंही केले. 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. मग भागीदारांशी पुन्हा वाद, काशीला जाणं, तिथे नाटक लिहिणं, परत येणं.

आणि मार्च १९३१ मध्ये 'आलम आरा' आला. बोलपट. फाळके तेव्हा साठीचे. आवाज म्हणजे नुसती एक जादा सोय नव्हती. आता कॅमेरा हातानं फिरवून चालणार नव्हतं, वेग मोटरनं अगदी सारखा ठेवावा लागणार, नाहीतर आवाज फाटतो. कॅमेऱ्याची घरघर माइकला ऐकू जाता कामा नये. साउंडवाले वेगळे, स्टुडिओ बंदिस्त, खर्च अनेक पटींनी. अंगणातल्या उन्हात घरच्या माणसांना घेऊन करायचं काम संपलं होतं.

'सेतुबंधन' त्यांनी मूकपट म्हणून चित्रित केला होता. काळ बदलल्यावर त्यावर मागून आवाज चढवला. जुन्या फाइलला नवं एक्स्टेंशन लावल्यासारखं ते झालं. मग कोल्हापूरच्या राजाराम महाराजांनी बोलावलं आणि कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' केला. १९३७, वय ६७, खर्च अडीच लाख. खराखुरा बोलपट म्हणून केलेला हा त्यांचा एकमेव चित्रपट, आणि शेवटचाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला ते वारले.

म्हातारपणी नवं जमलं नाही, असं लोक बोलून जातात. मला ते पटत नाही. सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी ते केलं. फक्त ते यंत्र त्यांच्या एकट्याच्या हातात मावणारं नव्हतं.

उरलं किती?

त्यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक आज नाहीत. त्या काळची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेट घ्यायला अगदी तयार. आणि नुसती ठेवली तरी वर्षानुवर्षांत सडून भुकटी होते. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'चे जे भाग मिळवून जपले, त्यामुळे आपण ते बघू तरी शकतो. २००३ मध्ये पुण्यातच आग लागून अनेक जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. तेव्हा फिल्म कायम टिकते असं बहीण म्हणते, तेव्हा मी हे सांगतो. आणि फोनमधलं टिकतं असं आबा म्हणतात, तेव्हा त्यांचे मागच्या फोनमधले फोटो कुठे आहेत ते विचारतो. ते गप्प बसतात, कारण बॅकअप नव्हता.

गेल्या रविवारी आम्ही तिघं गावी होतो. दुसरा रोल भरला होता, यावेळी आबांच्या देखरेखीखाली. लाल खिडकीवर सावली धरून आकडा कसा वाचायचा ते त्यांनी तिला दाखवलं, आणि तिनं त्यांच्या फोनमध्ये बॅकअप सुरू करून दिला. मग आबांनी कुंडीत वाटाणा लावला. फोन स्टँडवर ठेवून रोज सकाळी एक फोटो घेतायत. अजून मातीच दिसतेय. रोलमधले चार फोटो शिल्लक आहेत, ते अंकुर फुटेपर्यंत काढायचे नाहीत असं बहिणीनं बजावलंय.