आणीबाणीतही कोर्टाचं दार किलकिलं ठेवणारे सरन्यायाधीश : पी. बी. गजेंद्रगडकर

ऑक्टोबर 1962. चीनचं सैन्य सीमेवर चाल करून आलं आणि देशात पहिल्यांदाच आणीबाणी जाहीर झाली. भारत संरक्षण कायद्याखाली अनेकांना खटल्याविना तुरुंगात टाकलं गेलं. मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाण्याची मुभाही राष्ट्रपतींच्या आदेशाने थांबली.

मग अटक झालेल्या माणसाने दाद मागायची कुठे? याचं उत्तर देणारे न्यायाधीश मूळचे साताऱ्याचे.

प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांचा जन्म 1901 सालचा. धारवाड आणि पुण्यात शिकून 1926 मध्ये त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. 1945 मध्ये ते मुंबई हायकोर्टाचे आणि 1957 मध्ये सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.

1963 : मखनसिंग खटला

सात न्यायाधीशांच्या खंडपीठाचा बहुमताचा निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला. आणीबाणीत ठरावीक मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जाता येणार नाही, हे त्यांनी मान्य केलं. न्या. सुब्बाराव यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं.

पण याच निकालात एक वाट मोकळी राहिली. अटकेचा आदेश आकसाने काढला असेल किंवा त्या कायद्यातल्याच अटी मोडल्या असतील, तर कोर्ट तो तपासू शकतं.

1966 : रॉकेलवाल्याची सुटका

ही वाट किती मोलाची, ते लवकरच दिसलं. 1965 मध्ये केरळमधल्या एका घाऊक रॉकेल व्यापाऱ्याला याच कायद्याखाली पकडलं होतं. नातेवाइकांच्या फायद्यासाठी एका पोलीस अधिकाऱ्याने आपल्याला अडकवलं, असा त्याचा आरोप होता. त्या अधिकाऱ्याने आरोप खोडणारं प्रतिज्ञापत्रच दिलं नाही. आता सरन्यायाधीश असलेल्या गजेंद्रगडकरांनी अटक आकसाची ठरवून व्यापाऱ्याला सोडलं. महिन्याभरात ते निवृत्त झाले.

नंतर काय झालं?

पुढे ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू आणि विधी आयोगाचे अध्यक्ष झाले. 1976 मध्ये, तिसऱ्या आणीबाणीत, सुप्रीम कोर्टाने बहुमताने ही वाटही बंद केली. राष्ट्रपतींचा नवा आदेश 1962 सारखा मर्यादित नाही, हे त्यामागचं एक कारण होतं.

1978 मध्ये 44वी घटनादुरुस्ती झाली. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आता आणीबाणीतही थांबवता येत नाही. गजेंद्रगडकर 1981 मध्ये गेले. देशाची सुरक्षा हे कारण खरं आहे की नुसतं पुढे केलेलं, हे कोर्टाने तपासायचं की नाही, हा प्रश्न आजही प्रत्येक नव्या खटल्यात समोर येतो.