डोरोथिया लँग

डोरोथिया लँग (जन्म : २६ मे १८९५, होबोकेन, न्यू जर्सी, मृत्यू : ११ ऑक्टोबर १९६५, सॅन फ्रान्सिस्को) या विसाव्या शतकातील अग्रगण्य अमेरिकन छायाचित्रकार होत्या. १९३० च्या दशकातील आर्थिक महामंदीत घरदार गमावलेल्या शेतमजुरांची व स्थलांतरितांची त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रे जगभर परिचित आहेत. सामान्य माणसाला त्याच्या नित्याच्या परिसरात, आहे त्या स्थितीत टिपणे आणि त्यातून त्याची प्रतिष्ठा प्रकट करणे हे त्यांच्या कलेचे वैशिष्ट्य होय.

प्रारंभिक जीवन

लँग यांचे मूळ नाव डोरोथिया मार्गारेटा नुट्झहॉर्न. त्यांचे कुटुंब जर्मन वंशाचे होते. सातव्या वर्षी पोलिओ होऊन त्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला. त्या बारा वर्षांच्या असताना वडील कुटुंब सोडून गेले; पुढे त्यांनी वडिलांचे आडनाव टाकून आईचे माहेरचे आडनाव स्वीकारले. आई न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागातील ग्रंथालयात नोकरी करीत असे. शाळा सुटल्यावर लँग त्या दाट वस्तीतून एकट्याच हिंडत. बेघर व व्यसनी माणसांच्या गर्दीतून कोणाचेही लक्ष वेधून न घेता चालण्याची तेव्हा जडलेली सवय पुढे त्यांच्या व्यवसायात उपयोगी पडली.

आर्नोल्ड गेंथे यांच्या स्टुडिओत त्यांनी उमेदवारी केली आणि कोलंबिया विद्यापीठात क्लॅरेन्स व्हाइट यांच्याकडे छायाचित्रणाचे शिक्षण घेतले. १९१८ मध्ये त्या मैत्रिणीसह जगप्रवासास निघाल्या. परंतु सॅन फ्रान्सिस्को येथे पैसे चोरीस गेल्याने तेथेच राहिल्या.

स्टुडिओतून रस्त्यावर

१९१९ मध्ये लँग यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे स्वतःचा स्टुडिओ उघडला. शहरातील सधन कुटुंबे त्यांच्याकडे छायाचित्रे काढून घेत. १९२० मध्ये त्यांनी चित्रकार मेनार्ड डिक्सन यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन मुलगे झाले.

महामंदीत स्टुडिओच्या खिडकीतून बेकारांचे तांडे दिसू लागले, तेव्हा त्या कॅमेरा घेऊन रस्त्यावर उतरल्या. ‘व्हाइट एंजल ब्रेडलाइन’ (१९३३) हे त्या काळातील पहिले महत्त्वाचे छायाचित्र. त्यात अन्नछत्रापाशी जमलेली गर्दी पाठमोरी आहे. एक वृद्ध मात्र तिच्याकडे पाठ करून, कठड्यावर हात टेकून, पत्र्याचा पेला सांभाळीत उभा आहे. टोपीमुळे त्याचे डोळे दिसत नाहीत. तरीही त्याचा एकाकीपणा जाणवतो.

शासकीय कार्य

लँग यांचे काम पाहून कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ पॉल टेलर प्रभावित झाले. दोघांनी मिळून स्थलांतरित मजुरांची पाहणी केली. १९३५ मध्ये डिक्सन यांच्याशी घटस्फोट घेऊन लँग यांनी टेलर यांच्याशी विवाह केला. याच वर्षी त्या केंद्र शासनाच्या पुनर्वसन विभागात (पुढे शेती सुरक्षा प्रशासन) रुजू झाल्या. तेथे रॉय स्ट्रायकर हे त्यांचे वरिष्ठ होते. या भ्रमंतीची किंमत घरालाही मोजावी लागली. मुलांना काही काळ परक्यांच्या घरी ठेवावे लागले.

लँग घाईने छायाचित्र घेत नसत. त्या लोकांशी बोलत, त्यांच्यात वावरत आणि आपल्या उपस्थितीची त्यांना सवय होऊ देत. त्यांचे लंगडणे पाहून लोकांना त्या जवळच्या वाटत. लोकांचे बोलणे त्या वहीत टिपून ठेवीत आणि छायाचित्राखालील मजकुरात ते वापरीत. टेलर यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेले ‘अ‍ॅन अमेरिकन एक्झोडस’ (१९३९) हे पुस्तक या पद्धतीचे फलित आहे.

मायग्रंट मदर

मार्च १९३६ मध्ये दीर्घ दौरा आटोपून परतताना लँग यांना कॅलिफोर्नियातील निपोमो गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी दिसली. सुमारे २० मैल पुढे गेल्यावर त्या गाडी वळवून मागे आल्या. थंडीने पीक गेले होते आणि मजुरांना काम उरले नव्हते. तंबूत मुलांसह बसलेल्या ३२ वर्षांच्या एका स्त्रीची त्यांनी हळूहळू जवळ जात काही छायाचित्रे घेतली. त्यांपैकी ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित माता) या चित्रात दोन मुले आईच्या खांद्याशी तोंड लपवून आहेत, मांडीवर तान्हे मूल आहे आणि गालाशी हात नेलेली आई दूर कुठेतरी पाहत आहे. ही छायाचित्रे वृत्तपत्रात झळकताच शासनाने छावणीकडे सुमारे २०,००० पौंड अन्नधान्य पाठविले. मात्र तोपर्यंत हे कुटुंब तेथून निघून गेले होते.

एरवी काटेकोर टिपणे ठेवणाऱ्या लँग यांनी या स्त्रीचे नाव नोंदविले नाही. १९७८ मध्ये तिची ओळख पटली. चेरोकी वंशाच्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन यांनी या प्रसिद्धीबद्दल नाराजी व्यक्त केली, कारण चित्र जगभर गेले तरी त्यांना त्याचा काहीच मोबदला मिळाला नव्हता. टिपणातील काही तपशीलही कुटुंबीयांना मान्य नव्हते. चित्र शासनाच्या मालकीचे असल्याने लँग यांनाही त्याचे मानधन मिळत नसे. इतरांच्या दुःखाचे चित्र काढणाऱ्याची जबाबदारी कोठपर्यंत, या चर्चेत या छायाचित्राचा उल्लेख आजही होतो.

युद्धकाळ

१९४१ मध्ये लँग यांना गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळाली. १९४२ मध्ये शासनाने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबले. या स्थलांतराचे चित्रण करण्याचे काम लँग यांच्याकडे आले. राष्ट्रध्वजाला वंदन करणारी शाळकरी मुले, सामानासह वाट पाहणारी कुटुंबे आणि मँझनार छावणीतील दिनक्रम त्यांनी टिपला. त्यांची छायाचित्रे या धोरणावरील मूक टीका ठरली. लष्कराने त्यांतील बरीचशी अडवून ठेवल्याने युद्धकाळात ती लोकांपुढे आली नाहीत.

अखेरची वर्षे व वारसा

युद्धानंतर आजारपणामुळे लँग यांच्या कामात वारंवार खंड पडला. तरीही १९५२ मध्ये ‘अ‍ॅपर्चर’ या छायाचित्रणविषयक नियतकालिकाच्या स्थापनेत त्या सहभागी झाल्या. १९५४ मध्ये त्यांनी आयर्लंडमधील ग्रामजीवन टिपले आणि पुढे टेलर यांच्यासह आशियातही प्रवास केला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधील आपल्या समग्र प्रदर्शनाची निवड त्यांनी अखेरच्या आजारात पूर्ण केली. मात्र जानेवारी १९६६ मध्ये ते उघडण्यापूर्वीच अन्ननलिकेच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांचा व्यक्तिगत संग्रह ओकलंड म्युझियम ऑफ कॅलिफोर्निया येथे जतन केलेला आहे.