सत्तेचा संकोच मागणारा उमेदवार

१९८४ साली शेतकरी संघटनेचे दुसरे अधिवेशन परभणीस भरले. त्या वेळचा परभणी जिल्हा आजच्याहून विस्तीर्ण होता. हिंगोली त्यातून वेगळी निघायला अजून पंधरा वर्षे अवकाश होता. सेलू-मानवतच्या बाजारपेठा कापसावर जगत होत्या आणि त्या कापसाचा एकमेव कायदेशीर खरेदीदार होता महाराष्ट्र शासन. १९७१ च्या कायद्याने आलेल्या एकाधिकार खरेदी योजनेनुसार शेतकऱ्याने आपला कापूस सरकारी केंद्रावर घालावयाचा, ग्रेडर ठरवील ती प्रत मान्य करावयाची आणि पैसे हप्त्याहप्त्याने येतील तेव्हा घ्यावयाचे, असा क्रम होता. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी तेथे कापूस नेणे हा गुन्हा ठरे. योजनेमागील हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही; व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकऱ्याची सुटका व्हावी म्हणूनच ती आली होती. परंतु आपल्या रानात पिकविलेला माल आपल्या मर्जीने विकणारा माणूस कायद्याच्या लेखी चोरटा ठरावा, ही गोष्ट काळ्या मातीतल्या साध्या माणसालाही खुपत होती. या खुपण्याला अर्थशास्त्राची भाषा ज्यांनी दिली ते शरद जोशी त्या अधिवेशनाचे प्रणेते होते.

जोशी जन्माने शेतकरी नव्हते. ३ सप्टेंबर १९३५ रोजी साताऱ्यास त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदव्युत्तर पदवी घेऊन त्यांनी काही काळ कोल्हापुरात अध्यापन केले आणि १९५८ मध्ये ते भारतीय टपाल सेवेत दाखल झाले. दहा वर्षांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाने ज्या भाग्याची स्वप्ने पाहावीत ते सर्व त्यांच्या पदरात पडले होते. ते सोडून १९७७ च्या सुमारास ते परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले.

या शेतीने त्यांना जे शिकविले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. काटेकोर हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला असे आढळले की, पीक उत्तम आले तरी शेती तोट्यात जाते; किंबहुना पीक जितके उत्तम तितका तोटा कधीकधी अधिक. कांद्याचा शेतकरी माल घेऊन बाजारात जाई आणि हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता त्याच्याच अंगावर पैसे निघत. या उलट्या पट्टीचा अनुभव खेड्यापाड्यांत नवा नव्हता, पण तिला आजवर नशीब किंवा अडत्याचा लबाडपणा अशी नावे मिळत. जोशींचे निदान वेगळे होते. शहरात अन्न आणि कारखान्यात कच्चा माल स्वस्त राहावा म्हणून शासनच निर्यातबंदी, लेव्ही, साठ्यांवरील मर्यादा आणि अवेळी आयात या साधनांनी शेतमालाचे भाव पाडते. शेतकऱ्याचे दारिद्र्य हे त्याच्या आळसाचे वा अज्ञानाचे फळ नसून धोरणाचे फळ आहे, असे त्यांचे म्हणणे होते. इंडिया आणि भारत ही त्यांची प्रसिद्ध विभागणी याच निदानातून आली.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. संघटनेची एककलमी मागणी उत्पादन खर्चावर आधारित रास्त भावाची होती, आणि खर्चावर आधारित भाव ही कल्पना खुल्या बाजाराच्या तत्त्वाशी सरळसरळ जुळत नाही. बाजारात भाव मागणी-पुरवठ्याने ठरतो. उत्पादकाला किती खर्च आला याची तो विचारपूस करीत नाही. जोशींच्या टीकाकारांनी हा आक्षेप वारंवार घेतला. त्यांचे उत्तर असे होते की, शासनाने भाव पाडण्याचे थांबविले तर रास्त भाव आपोआप मिळेल. शासनाकडे भाव मागण्याचा अर्थ लुटलेले परत मागणे एवढाच आहे. शेतकऱ्याची कर्जे अनैतिक आहेत आणि म्हणून ती रद्द झाली पाहिजेत, हा त्यांचा युक्तिवादही याच पायावर उभा होता. पुढे आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या वाटाघाटींत खुद्द भारत सरकारने मांडलेल्या आकडेवारीतून येथील शेतमालाला मिळणारे भावाचे साहाय्य उणे असल्याचे दिसले, तेव्हा त्यांच्या निदानाला सरकारी दुजोराच मिळाला. तरीही हे उत्तर पुरेसे आहे असे मानणे कठीण. पावसावर विसंबलेल्या पाच एकरवाल्याला भाव मुक्त असला तरी पीकच हाती लागले नाही तर काय, आणि ज्याच्याजवळ विकायला श्रमाखेरीज काही नाही त्या शेतमजुराचे काय, या प्रश्नांपाशी त्यांचा विचार घाईने पुढे सरकतो.

चाकणचा कांदा, १९८० मधील नाशिक जिल्ह्याचे ऊस-कांदा आंदोलन, १९८१ ची निपाणीच्या तंबाखू उत्पादकांची लढाई, १९८२ चे सटाण्याचे पहिले अधिवेशन या क्रमाने त्यांचे नेतृत्व महाराष्ट्रभर पसरले. या काळात त्यांचा एक निर्धार सर्वश्रुत होता. आपण कधी मते मागायला आलो तर शेतकऱ्यांनी आपल्याला जोड्याने मारावे, असे ते सभांतून बजावीत. राजकारण्यांविषयीचा तिटकारा हा त्यांच्या लोकप्रियतेचा मोठा आधार होता. साहजिकच, ज्याने सत्तेला चोराची उपमा दिली तोच पुढे सत्तेच्या सभागृहाकडे का वळला, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड प्रश्न आहे.

या वळणाला टप्पे आहेत. विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान असताना, १९९० साली, त्यांनी कृषिविषयक स्थायी सल्लागार समितीचे अध्यक्षपद मंत्र्याच्या दर्जासह स्वीकारले. त्याच वर्षी संघटनेचे काही कार्यकर्ते जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेत गेले. मग १९९१ चे नवे आर्थिक धोरण आले. कारखानदाराचा परवाना सुटला. शेतकऱ्याच्या पायातील बेड्या मात्र जवळजवळ तशाच राहिल्या. जीवनावश्यक वस्तूंचा कायदा, जमीनधारणेची कमाल मर्यादा, निर्यातीवरील बंधने, कापसाचा एकाधिकार यांपैकी एकही गोष्ट रास्ता रोकोने नाहीशी होणारी नव्हती. आंदोलनाने रस्ता अडविता येतो. कायदा रद्द करायला सभागृहात हात वर करावा लागतो. डंकेल प्रस्तावाविरुद्ध देशभर डावे-उजवे सगळे ओरडत असताना जोशींनी त्याचे उघड समर्थन केले आणि १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्षाची स्थापना केली.

पक्षाच्या नावातच वारसा होता. राजाजी, रंगा आणि मिनू मसानी यांनी १९५९ मध्ये काढलेल्या स्वतंत्र पक्षाने नियोजनप्रधान समाजवादाला विरोध केला होता, पण १९७४ मध्ये तो विलीन होऊन गेला. त्या पक्षाला संस्थानिकांचा आणि उद्योगपतींचा पक्ष म्हणून हिणविले गेले. जोशींपाशी मात्र धोतर-टोपीवाला अनुयायी होता, आणि हाच त्यांचा वेगळेपणा. शासनाने संरक्षण, न्याय, कायदा-सुव्यवस्था एवढे नीट सांभाळावे आणि बाकीच्या उलाढालीतून अंग काढून घ्यावे, हा त्यांचा जाहीरनामा. इतर उमेदवार रस्ता, धरण, कर्ज, नोकरी देऊ म्हणतात. हा उमेदवार सरकारने देणेच थांबवावे असे म्हणत होता. मतदाराने तो ऐकला, टाळ्या वाजविल्या आणि मत दुसरीकडे टाकले. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत जोशी स्वतः उभे राहिले आणि पराभूत झाले. २००४ मध्ये राजुऱ्याहून वामनराव चटप निवडून आले, तेवढाच पक्षाचा एक आमदार.

त्याच वर्षी जोशी राज्यसभेत गेले ते भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्यावर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जातीयवादी राजकारणाविरुद्ध त्यांनीच रान उठविले होते, हे ज्यांच्या स्मरणात होते त्यांना ही सोयरीक रुचली नाही, आणि त्यांचा रोष अनाठायी नव्हता. तथापि सभागृहात गेल्यावर त्यांनी आपले मत कोणाकडे गहाण ठेवले नाही. लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात १९८८ च्या दुरुस्तीने अशी अट आली होती की, नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाने समाजवादावर निष्ठा जाहीर करावी. ज्याचा समाजवादाला विरोध आहे त्याने निवडणुकीच्या दारातच खोटे बोलावे, असा याचा अर्थ होतो. ही अट काढावी म्हणून जोशींनी खाजगी विधेयक आणले. ते संमत झाले नाही.

९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाच्या विधेयकावर राज्यसभेत मतदान झाले. बाजूने १८६, विरुद्ध एक. ते एक मत जोशींचे होते. १९८६ मध्ये चांदवडला ग्रामीण स्त्रियांचा प्रचंड मेळावा भरविणारा, लक्ष्मीमुक्ती मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावणारा हा माणूस. त्याचा आक्षेप स्त्रियांना नव्हता, सोडतीने मतदारसंघ फिरविण्याच्या पद्धतीला होता. पुढच्या वेळी मतदारसंघच जाणार असेल तर प्रतिनिधी तो जोपासील कशाला, हा त्यांचा प्रश्न. त्यांचे उत्तर पटो वा न पटो, भर सभागृहात एकट्याने विरोधाचे बटण दाबायला जे लागते ते त्यांच्यापाशी होते. त्या वर्षी त्यांची मुदत संपली. १२ डिसेंबर २०१५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

२०२० मध्ये केंद्राने शेतीविषयक तीन कायदे केले, तेव्हा उत्तरेतील शेतकरी त्यांच्याविरुद्ध दिल्लीच्या सीमेवर बसले आणि जोशींची संघटना मुख्यतः त्यांच्या बाजूने उभी राहिली. २०२१ च्या अखेरीस ते कायदे मागे घेण्यात आले. कांद्याची निर्यात २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा बंद झाली होती, ती कोणत्याही पक्षाच्या सरकारने याआधी केली होती तशीच.

परभणीत कापसाचा एकाधिकार नव्या शतकाच्या आरंभीच संपला. खाजगी व्यापारी आता गावात येऊन कापूस मोजून घेतो, पैसे रोख देतो, आणि भाव चढा असला की शेतकरी त्यालाच माल घालतो. बाजार हमीभावाखाली उतरला की मात्र तोच शेतकरी कापूस महामंडळाचे केंद्र कधी उघडणार म्हणून तहसीलदाराला निवेदन देतो आणि केंद्र उघडले की गाडी घेऊन रांगेत उभा राहतो.